पाटीवरची नऊ वर्षं

रेवा आणि अन्वय,

गेल्या रविवारी रेवानं फोनवर तिच्या शाळेतली इंग्रजी कविता वाचून दाखवली आणि म्हणाली, "आजी, राजकीय सत्ता टिकत नाही हे कवीनं कसं दाखवलंय, यावर चारशे शब्द हवेत." हे काम मी अकोल्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं केलं. अर्ध्या तासात तुम्हाला पाच मुद्दे क्रमांक टाकून पाठवले. मुद्दे बरोबर आहेत, मार्क मिळतील. पण पाठवून झाल्यावर मला बरं वाटेना. ती कविता माझ्या शेजारच्या वर्गात दुसरा एक माणूस शिकवायचा, आणि त्याच्या शिकवण्यातलं एक अक्षरही माझ्या पाच मुद्द्यांत आलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. शाळेत दाखवण्यासाठी नाही.

आधी कविता, म्हणजे अन्वयलाही कळेल. दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी. भर दुपारी एक प्रवासी ओसाड माळावर येतो. तिथे एका राजानं बांधलेली विजयाची वेस उभी आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती केव्हाच गेल्या, नुसती कमान उरली आहे. वर राजाचं नाव आणि त्याची फुशारकी, अर्धी झिजलेली. एक मेंढपाळ कळप घेऊन येतो. तो वेशीतून जात नाही, बाजूनं जातो, कारण गवत बाजूला आहे. कविता संपली.

खंडारे सर ही कविता शिकवायला तीन तास घ्यायचे. मी एक तास घ्यायची. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू यायचं. वाचून झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "या कवितेत मानसं किती?"

मुलं म्हणायची, तीन. राजा, प्रवासी आणि मेंढपाळ.

"मोजा. नीट मोजा."

मग दगड फोडणारे यायचे, गाड्यावर ओढून आणणारे यायचे, नाव कोरणारा कारागीर यायचा. विजय म्हणजे लढाई, लढाई म्हणजे मेलेले सैनिक, दोन्हीकडचे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मेंढपाळाची बायको, सर. तिनं सकाळी भाकर बांधून देली असन." सरांनी तिलाही फळ्यावर लिहिलं. मग म्हणाले, "परीक्षेत राजाचंच लिवजा. मार्क त्याचेच भेटतात. बाकीचे तुमच्याजवळ राहू द्या."

माझ्या वर्गात राजा, मेंढपाळ, विरोधाभास, प्रतिमा आणि शेवट, असे पाच मुद्दे व्हायचे आणि घंटेआधी उजळणीही व्हायची.

सर हिवरखेडचे, तेल्हारा तालुक्यातले. बुटके, काळेसावळे, शर्ट नेहमी पांढरा आणि इस्त्रीचा, बाही मनगटापर्यंत बटण लावलेली, मे महिन्यातसुद्धा. अकोल्याचा मे तुम्हाला माहीत नाही, पण तुमचे बाबा सांगतील. वर्गात ते वऱ्हाडीत बोलत आणि फळ्यावर इंग्रजी लिहीत. एकदा बाहेरून तपासणी समिती आली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी नाक वर करून विचारलं की इंग्रजी हा विषय आपण नेमक्या कोणत्या भाषेत शिकवता. सर म्हणाले, "ज्या भाषेत पोट्टे झोपत नाईत, त्या." मग पुढची दहा मिनिटं ते असं इंग्रजी बोलले की त्या गृहस्थांनी वहीत काही लिहायचं सोडून दिलं.

त्यांची हजेरी घेण्याची तऱ्हा मला फार खटकायची. आम्ही सगळे रोल नंबर पुकारायचो, दोन मिनिटांत काम. सर प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायचे, बापाच्या नावासकट, आडनावासकट. सत्तर मुलं. तासातली बारा मिनिटं त्यात जायची, मी घड्याळ लावून पाहिलं होतं. विभागाच्या बैठकीत मी तो विषय काढला, वेळेचा अपव्यय म्हणून. सर रागावले नाहीत. म्हणाले, "नंबर तं बैलायलेबी रायते बाई बाजारात. नाव घेतलं का पोरगं सरकं बसते." बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, 'चर्चा झाली.'

आमच्या कॉलेजची संस्था खाजगी होती आणि तिच्यात दोन गट होते. एका गटाचे पुढारी माजी आमदार, दुसऱ्याचे त्यांचेच व्याही. जो गट निवडून येई त्याचा माणूस अध्यक्ष होई, आणि पहिल्याच आठवड्यात आधीच्या अध्यक्षांचा मोठा फोटो सभागृहातून उतरे. मग दुसरा गट कोर्टात जाई. अशा एका भांडणात आमचे प्राचार्य निवृत्त झाले आणि नवे प्राचार्य नेमायचे कुणी, यावरच कज्जा सुरू झाला. तोवर ज्येष्ठ म्हणून खंडारे सरांना प्रभारी प्राचार्य केलं. सहा महिन्यांसाठी, असं पत्रात होतं. ते सहा महिने नऊ वर्षं चालले.

नऊ वर्षं सर प्राचार्यांच्या खोलीत बसले, पण प्राचार्यांच्या खुर्चीवर नाही. टेबलाच्या बाजूला लायब्ररीतली एक लाकडी खुर्ची ओढून घेतली होती, तिच्यावर. कुणी विचारलं तर म्हणायचे, "थे खुर्ची येनाऱ्याची हाये, मी तं राखन बसलो." शिक्क्यावर 'प्रभारी' होतं. त्या शिक्क्यानं त्यांनी मुलींच्या वसतिगृहाला नळ आणला, तेल्हाऱ्याकडून येणाऱ्या मुलींसाठी सकाळची एस.टी. सुरू करवून घेतली आणि दोन अध्यक्षांना परीक्षेच्या काळात सभागृहात लग्न लावू दिलं नाही. या काळात फोटो तीनदा बदलले. उतरवलेला फोटो फेकायला निघालेल्या शिपायाला ते थांबवत. "जपून ठेव लेका, हे वापस येतीन." आणि माजी आमदार खरोखरच वापस आले. त्यांचा फोटो पुसून पुन्हा टांगला गेला. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "बाई, तुमची ती कविता आपल्या संस्थेले लागू नाई. अठी सत्ता जाते, अन् मंग पोटभर जेवून वापसबी येते." मी खूप हसले होते. त्या काळात आम्ही बरेच हसायचो.

आता त्या पाटीबद्दल. प्राचार्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर सागवानी पाटी होती, काळी, पांढऱ्या अक्षरांची. क्रमांक, नाव, पासून, पर्यंत. पाच नावं रंगवलेली होती आणि पाचव्याखाली रिकामी जागा. बाजूच्या लाकडी खुर्चीवरून ती जागा सरांना सरळ समोर दिसायची नाही. मान वळवावी लागायची. मी कागद घेऊन सहीला जायची तेव्हा कितीदा तरी त्यांची मान वळलेली असायची.

एकदाच ते त्याबद्दल बोलले. पावसाळी दुपार होती, सह्या संपल्या होत्या. म्हणाले, "बाई, माह्या आज्याले गावात कोनी नावानं हाक मारलीच नाई. 'ए' म्हनत, नाई तं जातीनं बोलवत. छप्पन साली बाप नागपूरले जाऊन आला अन् आल्यावर दाराच्या चौकटीवर त्यानं कोयश्यानं सोताचं नाव लिवलं. येईना लिवता, कोनाकडून तरी गिरवून आनलं होतं." मग पाटीकडे न बघता म्हणाले, "तठी नाव आलं पायजे माहं. पगार नको, खुर्ची नको. तेवढं झालं का मी मोकया."

मी मान डोलावली. मला ते समजलं असं त्या वेळी वाटलं. समजलं नव्हतं. माझ्या आजोबांचं नाव आमच्या गावच्या धर्मशाळेवर आहे, काकांचं शाळेच्या पायरीवर. आपलं नाव कुठेतरी कोरलेलं असतं, ही गोष्ट मला हवापाण्यासारखी होती. लहानपणी त्या पायरीवर बसून आम्ही चिंचोके खेळायचो.

सर निवृत्त व्हायला वर्ष उरलं असताना कोर्टाचा निकाल लागला आणि कायम प्राचार्य आले. सर बाजूची खुर्ची उचलून स्वतः लायब्ररीत ठेवून आले आणि पुन्हा तासाला जाऊ लागले. त्याच वर्षी कॉलेजला पन्नास वर्षं झाली. इमारतीला रंग, स्मरणिका, आणि प्राचार्यांची पाटी नव्यानं रंगवायची असं ठरलं. मजकूर तयार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे कागद नीट असतात असा माझा लौकिक होता.

मी जुन्या फायली काढल्या. विद्यापीठाची मान्यता असलेले तेच प्राचार्य, असा नियम होता. प्रभारींना तशी मान्यता नव्हती. याआधी एकदा दोन महिन्यांसाठी एक प्रभारी झाले होते, त्यांचंही नाव पाटीवर नव्हतं. मी सरांचा विचार केला नाही असं नाही. केला, आणि नियम बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं स्वतःला सांगितलं. पण मग पाचव्या आणि सहाव्या नावामध्ये नऊ वर्षांची फट दिसू लागली. तारखा जुळेनात. पाहणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्याची चूक झाली. मला तसली फट सहन होत नाही, तुमच्या आईला विचारा. मी त्या ओळीत लिहिलं, 'पद रिक्त'. कागद टाइप केला, सही घेतली आणि पेंटरला दिला.

समारंभाच्या दिवशी चहा चालू असताना सर प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी दारात होते. पाटी चकाकत होती, नव्या रंगाचा वास येत होता. ते पहिल्या ओळीपासून वाचत खाली आले. थांबले. खिशातला चष्मा काढून लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढून डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली आणि माझ्या बाजूनं बाहेर पडले. जाताना म्हणाले, "चहा थंडा होईन, बाई."

दोन दिवसांनी, दुपारी, ते आमच्या घरी आले. तुमचे आजोबा तेव्हा होते. मी पाणी आणायच्या आधीच नियम सांगू लागले, मान्यता, विद्यापीठ, आधीचं उदाहरण, सगळं क्रमानं. त्यांनी ऐकून घेतलं.

"नियम बरोबर हाये," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तं मीबी नियमच पाह्यला असता." मग पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "पन जागा कोरी सोडली असती तं चाललं असतं. 'रिक्त' काहून लिवलं?"

कोरी जागा वाईट दिसत होती, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

"पोरायले आपन शिकवतो, राजाचं नावबी मिटून जाते," ते म्हणाले. "खरं हाये. मिटू द्या. पन मिटाले आदी लिवलेलं तं पायजे न, बाई."

तुमच्या आजोबांनी विषय बदलला, शेंदूरजनाघाटची संत्री आली होती, ती पुढे केली. सरांनी एक घेतलं, सोललं नाही, हातात धरून बसले आणि जाताना टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले आणि पाटी दुरुस्त करायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, नियम तर तुम्हीच दाखवला होता." आता व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल. मी अर्ज दिला. सर निवृत्त झाले, निरोपाच्या भाषणात त्यांच्या नळाचा उल्लेख झाला, नऊ वर्षांचा झाला नाही. पुढे मी निवृत्त झाले, आम्ही अमरावतीला आलो, तुमचे आजोबा गेले. दर जूनमध्ये मी तोच अर्ज नव्या तारखेनं पाठवत राहिले. उत्तर आलं नाही. चौथ्या वर्षी अध्यक्ष बदलले आणि नव्या समितीनं, कदाचित माझा कंटाळा येऊन असेल, ठराव केला. 'श्री. खंडारे यांचे नाव प्राचार्यांच्या फलकावर प्रभारी म्हणून नोंदवण्यास हरकत नाही.' हरकत नाही. असो.

मी अकोल्याला फोन केला, पेंटर कधी बोलावू म्हणून. कारकून म्हणाला, बोलवा केव्हाही, पण पाटी आता जुन्या प्रयोगशाळेत आहे. नवी इमारत झाली, तिथे प्राचार्यांच्या खोलीत काच आणि मोठा टीव्ही आहे, त्यावर फोटो फिरतात. सागवानी पाटी तिथे शोभत नाही. मी विचारलं, टीव्हीवर सरांचा फोटो येतो का. तो म्हणाला, ठरावात पाटी लिहिलंय, मॅडम.

मी सरांना कळवलं की पाटी दुरुस्त होते आहे, गुरुवारी या. ती कुठे आहे ते मी सांगितलं नाही. ही माझी दुसरी चूक. हीसुद्धा मी विचार करूनच केली.

गुरुवारी मी अमरावतीहून सकाळच्या बसनं गेले. सर हिवरखेडहून एस.टी.नं आले. खूप वाळले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. आजाराबद्दल मी ऐकून होते, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. शर्ट पांढरा आणि इस्त्रीचा होता. आम्ही नव्या इमारतीकडे जाऊ लागलो आणि मी म्हटलं, सर, इकडे नाही, मागे. ते माझ्यामागे वळले. प्रयोगशाळेत मोडकी बाकं, गंजलेली ड्रॉवरं, फुटक्या काचांचं कपाट. शिपायानं पाटी भिंतीकडे तोंड करून उभी केलेली होती, ती फिरवली. धूळ उडाली आणि सरांना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबली नाही.

पेंटरनं आधी 'पद रिक्त' वर काळा रंग मारला. तो वाळेपर्यंत आम्ही तिघं चहा प्यायलो. मग त्यानं विचारलं, नाव कसं लिहायचं. सर खिडकीकडे बघत होते. मी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, ते दिलं. त्यांचं, वडिलांचं, आडनाव. पेंटर म्हणाला, ओळ लहान आहे, नाव बारीक येईल. मी म्हटलं, येऊ द्या.

त्यानं सावकाश लिहिलं, चांगलं लिहिलं. शेवटी 'प्रभारी' कंसात लिहायला लागला तेव्हा सर पहिल्यांदा बोलले. "कंस बरोबर काढजो बापू, वाकडा नको." तारखा मी सांगितल्या. चार वाजून गेले होते.

शिपाई किल्ली घेऊन दारात आला. म्हणाला, पाच वाजता कुलूप लावायचं आहे, पाटी परत भिंतीकडे करून ठेवतो. पेंटर म्हणाला, वेडा आहेस का, ओला रंग भिंतीला लागेल, निदान दोन तास हात लावू नको. शिपाई म्हणाला, दोन तास मी थांबणार नाही. मी दोघांना काही सांगणार, इतक्यात सरांनी शिपायापुढे हात केला. त्यानं थोडा विचार केला आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांच्या हाताखाली तो सहा वर्षं होता.

"तुमी निंगा बाई," सर मला म्हणाले. "गाडी चुकन तुमची."

मी म्हटलं, तुमची शेवटची एस.टी. जाईल, सर. मी थांबते, तुम्ही जा.

"नाई. मी बसतो."

माझी गाडी चुकली असती तर काही बिघडलं नसतं. तरी मी निघाले. त्यांना तिथे एकटं बसायचं होतं, एवढं मला कळलं. आयुष्यात इतक्या उशिरा का होईना, न सांगता कळलं. दारातून मी वळून पाहिलं. फुटक्या तावदानांतून संध्याकाळच्या वेळच्या चिलटांचा थवा आत आला होता आणि ओल्या रंगाच्या वासानं पाटीभोवती घोंगावत होता. सर मोडक्या बाकावर पुढे सरकून बसले होते, खिशातला रुमाल उघडून दोन्ही हातांत ताणून धरलेला, आणि अक्षरांवर एकही चिलट बसू नये म्हणून तो हळूहळू हलवत होते.